झेरॉक्सवर उभी राहिलेली बातमी

कागद जेमतेम अर्ध्या पानाचा. तारीख १८ ऑगस्ट १९७३. विषयाच्या जागी नुसती तीन अक्षरं, सी-वाय-ए. अमेरिकी लष्करी बोलीतल्या या संक्षेपाचा सभ्य अर्थ ‘उद्या आपल्या अंगाशी येऊ नये म्हणून’. खाली चार-सहा ओळी: एका वैमानिकाचा कामगिरी अहवाल गोडधोड करून लिहावा असा वरून दबाव येतो आहे, पण तो इथे हजरच नव्हता, मी शेरा देणार नाही. लिहिणारा म्हणे लेफ्टनंट कर्नल जेरी किलियन, टेक्सास एअर नॅशनल गार्ड या राखीव हवाई दलातला स्क्वाड्रनप्रमुख. वैमानिक जॉर्ज डब्ल्यू. बुश.

‘म्हणे’ हा शब्द मुद्दाम घातला. २००४ साली सीबीएस या अमेरिकी टीव्ही वाहिनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्स वेन्सडे’ या कार्यक्रमाने हा कागद आणि त्याच्यासोबतचे आणखी तीन पडद्यावर दाखवले, तेव्हा किलियन यांना जाऊन वीस वर्षं झाली होती. मूळ प्रती कुणीच पाहिल्या नव्हत्या. हातात होत्या त्या झेरॉक्सच्या झेरॉक्स. या बातमीने निर्माती मेरी मेप्स यांची नोकरी गेली, तीन वरिष्ठांना राजीनामे मागितले गेले आणि चोवीस वर्षं संध्याकाळच्या बातम्या देणारे डॅन रॅदर खुर्चीवरून उतरले. २०१५ मध्ये जेम्स व्हँडरबिल्ट यांनी मेप्स यांच्याच आत्मकथनावरून ‘ट्रुथ’ हा चित्रपट केला. केट ब्लँचेट मेप्स झाली, रॉबर्ट रेडफर्ड रॅदर झाले. सिनेमा पाहून बाहेर पडणाऱ्याला वाटतं की खऱ्या बातमीचा एका फाँटपायी बळी गेला. मला तसं वाटत नाही, आणि का वाटत नाही ते सांगायला प्रकरण मुळापासून उलगडावं लागेल.

व्हिएतनाम युद्धाच्या काळात नॅशनल गार्डमध्ये भरती होणं म्हणजे बहुतेक वेळा युद्धावर जाणं टळणं. बुश मे १९६८ मध्ये टेक्सासच्या गार्डमध्ये आले. वडील तेव्हा ह्यूस्टनचे काँग्रेस सदस्य. पुढे १९७२ मध्ये एका सिनेट उमेदवाराच्या प्रचारासाठी बुश अलाबामाला गेले, वार्षिक वैद्यकीय तपासणी चुकवली, आणि १ ऑगस्ट १९७२ पासून त्यांना विमान उडवण्यास मनाई झाली. हे सगळं सरकारी कागदांत आहे, कुणी नाकारलेलंही नाही. वाद होता तो पुढचा: अलाबामात त्यांनी हजेरी भरली का, आणि कुणी वरून सांभाळून घेतलं का?

२००४ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत या जुन्या प्रश्नाला नवी धार आली. बुश यांच्या समोर डेमोक्रॅट जॉन केरी, व्हिएतनाममध्ये प्रत्यक्ष लढून पदकं मिळवलेले. त्या ऑगस्टमध्ये ‘स्विफ्ट बोट व्हेटरन्स’ नावाच्या गटाने जाहिरातींचा मारा करून केरींच्या पदकांवरच संशय उभा केला होता. म्हणजे जो लढला त्याची उलटतपासणी चालू, आणि जो गेलाच नाही त्याच्याबद्दल शांतता. पत्रकाराच्या डोक्यात तिडीक जावी अशीच स्थिती. मेप्स १९९९ पासून या बातमीच्या मागावर होत्या. शिवाय त्याच वर्षी एप्रिलमध्ये अबू गरीब तुरुंगातले छळाचे फोटो याच कार्यक्रमात जगासमोर आले, ते त्यांच्याच निर्मितीत. नवख्या, उतावळ्या बाईचं हे काम नव्हतं, आणि म्हणूनच ते अभ्यासण्यासारखं आहे.

२ सप्टेंबर २००४. टेक्सासमधल्या क्लाइड नावाच्या लहान गावी एका रेस्टॉरंटमध्ये मेप्स आणि त्यांचे संशोधक सहकारी माइक स्मिथ बिल बर्केट यांना भेटले. बर्केट हे टेक्सास आर्मी नॅशनल गार्डचे निवृत्त लेफ्टनंट कर्नल. त्यांचं गार्डशी जुनं वाजलेलं होतं. आजारपणात आपल्याला वाऱ्यावर सोडलं ही त्यांची तक्रार, आणि बुश यांच्या फायलीतून नको ते कागद काढून टाकल्याचा त्यांचा आरोप आधीच छापून आला होता. त्यांनी त्या दिवशी दोन कागद दिले, ५ तारखेला आणखी चार. कुठून मिळाले? गार्डमधल्या एका माजी सहकाऱ्याने दिले, असं उत्तर. ८ तारखेला कार्यक्रम प्रसारित. पहिला कागद हातात पडल्यापासून सहा दिवस.

या सहा दिवसांत रॅदर काय करत होते? आधी न्यूयॉर्कमधलं रिपब्लिकन अधिवेशन, मग फ्लोरिडात फ्रान्सिस चक्रीवादळ. त्यांनी मुलाखती घेतल्या, पण कागदांची छाननी चमूवर सोडली. चमूने चार दस्तऐवज-तज्ज्ञ गाठले. त्यातल्या दोन बाईंनी शंका काढल्या, सही जुळत नाही, टाइप त्या काळचा वाटत नाही. त्यांतल्या एकीने तर आदल्या दिवशी बजावलं होतं की हे दाखवलंत तर दुसऱ्याच दिवशी देशातले सगळे तज्ज्ञ हेच प्रश्न विचारतील. कार्यक्रमात या दोघींचा उल्लेख नव्हता. भिस्त ठेवली ती मार्सेल मॅटली यांच्यावर, ज्यांनी फक्त सही तपासली होती. झेरॉक्सवरच्या सहीचा अर्थ एवढाच की मूळ सही त्या माणसाची असावी. ती त्याच कागदावर केली होती की दुसरीकडून कापून चिकटवली, हे झेरॉक्स सांगू शकत नाही. कोर्टात झेरॉक्स घेऊन गेलेल्या कुणालाही न्यायाधीशांनी पहिला प्रश्न हाच विचारला असता.

दुसरा आधार किलियन यांचे वरिष्ठ, मेजर जनरल बॉबी हॉजेस. त्यांना मजकूर फोनवर वाचून दाखवला, ते म्हणाले, किलियनचं मत तसंच होतं. चमूला वाटलं, हुकमाचा एक्का सापडला. पुढे प्रत्यक्ष कागद पाहिल्यावर हॉजेस यांनी ते खोटे असल्याचं सांगितलं. फोनवर ऐकताना ते हाताने लिहिलेले असतील असंच त्यांनी धरलं होतं. तिसरा आधार तर गमतीचाच. प्रसारणाच्या दिवशी सकाळी व्हाइट हाउसचे डॅन बार्टलेट यांची मुलाखत झाली आणि त्यांनी कागद खोटे असल्याचं म्हटलं नाही. अध्यक्षांचीच माणसं नाकारत नाहीत म्हणजे खरेच असणार, असा अर्थ लावला गेला. ज्या माणसाने तीस वर्षांपूर्वीचे कागद त्याच दिवशी पाहिले, तो ते अस्सल की नकली हे कसं ठरवणार?

आणि ज्याच्याकडून कागद आले असं बर्केट सांगत होते, त्या माजी सहकाऱ्याला गाठून विचारलंच नाही. माझ्या मते प्रकरण इथेच हरलं होतं. फाँट ही नंतरची गोष्ट.

पण फाँटची गोष्ट आहे मजेशीर. ८ तारखेच्या संध्याकाळी कार्यक्रम संपला आणि सीबीएसने कागद वेबसाइटवर ठेवले. मध्यरात्र व्हायच्या आत फ्री रिपब्लिक या उजव्या विचारांच्या चर्चापीठावर ‘बकहेड’ या टोपणनावाने कुणीतरी लिहिलं की हा टाइपरायटरचा मजकूरच नाही, अक्षरांची जागा कमी-जास्त आहे. दुसऱ्या दिवशी ‘पॉवर लाइन’ या ब्लॉगने हे उचललं. ‘लिटल ग्रीन फुटबॉल्स’ चालवणाऱ्या चार्ल्स जॉन्सन यांनी मायक्रोसॉफ्ट वर्ड उघडलं, कुठलीही सेटिंग न बदलता टाइम्स न्यू रोमनमध्ये १९७३ चा मजकूर टाइप केला आणि सीबीएसच्या कागदावर ठेवून पाहिला. ओळी जिथे तुटायच्या तिथेच तुटल्या, अक्षरावर अक्षर बसलं. दोन्ही प्रतिमा आलटून पालटून लुकलुकणारं चित्र त्यांनी टाकलं, आणि लोकांना आणखी काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

तहसील कचेरीबाहेरच्या टायपिस्टकडून ज्यांनी कधी इंग्रजी प्रतिज्ञापत्र करून घेतलंय त्यांना हे लगेच कळेल. साध्या यंत्रावर प्रत्येक कळ दाबली की गाडी सारखीच सरकते. बारीकसा ‘आय’ असो की पसरट ‘डब्ल्यू’, दोघांना जागा तेवढीच. छापील पुस्तकात आणि संगणकात मात्र प्रत्येक अक्षराला त्याच्या अंगाप्रमाणे जागा मिळते. किलियन यांच्या नावाचे कागद दुसऱ्या प्रकारचे होते. त्यात ‘१११वी’ या आकड्यापुढची इंग्रजी अक्षरं लहान होऊन वर चढलेली, वर्ड आपोआप करतं तशी.

इथे ब्लॉगवाल्यांच्याही काही गोष्टी ताणलेल्या होत्या, ते सांगायला हवं. अक्षराप्रमाणे जागा देणारी आयबीएमची यंत्रं सत्तरच्या दशकात होती. वर चढलेली लहान अक्षरं असलेली यंत्रंही होती, आणि गार्डच्याच एका खऱ्या कागदात त्यासारखं काहीसं सीबीएसने दाखवलंही. ‘असं यंत्र नव्हतंच’ हा दावा चुकीचा. पण टेक्सासमधला एक स्क्वाड्रनप्रमुख, ज्याला घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे टाइप करायची सवयच नव्हती, तो खासगी टिपणासाठी छपाईच्या दर्जाचं यंत्र वापरेल आणि त्याच्या ओळी तीस वर्षांनंतरच्या वर्डच्या ओळींशी तंतोतंत जुळतील, हे किती संभाव्य? प्रत्येक आक्षेपाला वेगळं उत्तर देता येत होतं, सगळ्या आक्षेपांना मिळून एक उत्तर देता येत नव्हतं. (आपल्या शेजारी २०१७ मध्ये कॅलिब्री फाँटने नवाझ शरीफ यांची मुलगी मरियम नवाझ यांच्या २००६ च्या दस्तऐवजाचं बिंग असंच फोडलं. तेव्हापासून पाकिस्तानात लहान पोरांनाही कॅलिब्रीचा जन्म कधीचा ते माहीत आहे.)

फाँटपेक्षा मला वजनदार वाटतो तो दुसरा मुद्दा, आणि त्याला टाइपोग्राफी कळायची गरज नाही. ऑगस्ट १९७३ च्या कागदात दबाव आणणारा अधिकारी म्हणून स्टॉट यांचं नाव आहे. ब्रिगेडियर जनरल स्टॉट मार्च १९७२ मध्येच निवृत्त झाले होते. निवृत्त माणूसही फोन फिरवू शकतो, हे खरं. पण हा प्रश्न प्रसारणाआधी टेबलावर यायला हवा होता.

पुढचे बारा दिवस सीबीएसने किल्ला लढवला. १० तारखेला रॅदर यांनी बातम्यांत ठामपणे सांगितलं की कागद अस्सल आहेत. १५ तारखेला किलियन यांच्या कार्यालयातल्या त्या काळच्या टायपिस्ट, ८६ वर्षांच्या मेरियन कार नॉक्स, पडद्यावर आल्या. त्या म्हणाल्या, हे मी टाइप केलेले नाहीत, कागद खोटे आहेत. पण त्यात लिहिलंय ते किलियन यांना वाटत होतं ते खरं. पत्रकारितेच्या वर्गात वर्षभर चर्चा व्हावी असं हे एक वाक्य. मजकूर खरा असेल तर कागद खोटा असला म्हणून काय बिघडलं, असं अनेकांना तेव्हा वाटलं, आजही वाटतं. बिघडतं ते असं: नॉक्सबाईंची आठवण ही एका बाईंची आठवण म्हणून दाखवता आली असती, तिचं वजन तेवढंच राहिलं असतं आणि तिला कुणी पाडू शकलं नसतं.

त्यानंतर बर्केट यांनी जबाब फिरवला. सहकाऱ्याने दिले ही थाप होती. कागद म्हणे ल्युसी रामिरेझ नावाच्या बाईकडून आले, ह्यूस्टनच्या जनावरांच्या प्रदर्शनात हातात पडले, आणि प्रती काढून मूळ कागद आपण जाळले. अशी बाई कुणाला सापडली नाही. २० सप्टेंबरला सीबीएसने कबूल केलं की कागद अस्सल असल्याचं सिद्ध करता येत नाही. रॅदर यांनी माफी मागितली. या धामधुमीत आणखी एक गोष्ट बाहेर आली: बर्केट यांच्या विनंतीवरून मेप्स यांनी केरींच्या प्रचारातल्या जो लॉकहार्ट यांना फोन करून या माणसाशी बोला असं सांगितलं होतं. सूत्र राखण्यासाठी पत्रकार बरंच काही करतात, पण विरोधी उमेदवाराच्या कचेरीत त्याची चिठ्ठी पोचवणं बसत नाही. बातमी शंभर टक्के खरी असती तरी या एका फोनने तिला डाग लागला असता.

चौकशीसाठी सीबीएसने बाहेरचे दोघे नेमले: डिक थॉर्नबर्ग आणि असोसिएटेड प्रेसचे माजी प्रमुख लुई बोकार्डी. थॉर्नबर्ग हे थोरल्या बुश यांच्या मंत्रिमंडळात अॅटर्नी जनरल होते. मुलाच्या बातमीची चौकशी बापाच्या मंत्र्याकडे, या आक्षेपाला उत्तर नाही. तरीही जानेवारी २००५ चा त्यांचा २२४ पानी अहवाल सूडाचा वाटत नाही. कागद नक्की बनावट आहेत असं त्यांनी म्हटलं नाही. राजकीय आकसातून बातमी केली असंही म्हटलं नाही. बोट ठेवलं ते सर्वांत आधी दाखवण्याच्या आंधळ्या ईर्षेवर, कागद कुठून आले हे न शोधण्यावर आणि नंतरच्या हटवादी समर्थनावर. मेप्स यांना काढून टाकलं. जॉश हॉवर्ड, मेरी मर्फी, बेट्सी वेस्ट या तिघांचे राजीनामे मागितले. वृत्तविभागाचे अध्यक्ष अँड्र्यू हेवर्ड जागेवर राहिले. रॅदर यांनी ९ मार्च २००५ ला निरोप घेतला. त्या वसंतात अबू गरीबच्या बातमीला पीबडी हा मानाचा पुरस्कार मिळाला तेव्हा मेप्स बेकार होत्या.

आता सिनेमा. व्हँडरबिल्ट यांचं दिग्दर्शक म्हणून हे पहिलंच काम, आणि पूर्वार्ध झकास आहे. फोनवर फोन, फळ्यावर नावं, कोण कुणाला कधी भेटलं याची जुळवाजुळव; बातमीच्या कामाची चटक ज्याला माहीत आहे त्याला हा वेग ओळखीचा वाटेल. ब्लँचेट सगळा सिनेमा खांद्यावर घेते. रेडफर्ड रॅदर यांची नक्कल करत नाहीत, ते शहाणपणाचं. पण १९७६ मध्ये वॉटरगेटच्या सिनेमात बॉब वुडवर्ड झालेला हा नट इथे आणणं ही दिग्दर्शकाची चलाखीही आहे. प्रेक्षक तो जुना आदर सोबत घेऊन बसतो. वॉटरगेट उघड करणारे वार्ताहर वुडवर्ड आणि बर्नस्टीन यांचीही ऑक्टोबर १९७२ मध्ये एक बातमी चुकली होती. अध्यक्ष निक्सन यांचे उजवे हात हाल्डेमन यांचं नाव साक्षीदाराने ग्रँड ज्युरीसमोर घेतलं असं त्यांनी छापलं, त्याने ते तिथे घेतलं नव्हतं. ते तरले, कारण मूळ माहिती त्यांनी इतर मार्गांनी बांधलेली होती. एक वीट निघाली, भिंत राहिली. मेप्स यांच्या भिंतीत ती वीट तळाशी होती.

सिनेमातला मला सर्वांत खरा वाटलेला प्रसंग बर्केटच्या बायकोचा. आजारी नवऱ्याला कॅमेऱ्यासमोर बसवून त्याच्याकडून खोटं बोलल्याची कबुली घेतल्यावर ती मेप्सला सुनावते. तुमची बातमी वाचवायला तुम्ही याला पुढे केलंत, हा त्या बोलण्याचा रोख. नोनी हेझलहर्स्टने तो असा केलाय की क्षणभर आपण कुणाच्या बाजूने सिनेमा बघतोय हेच विसरायला होतं. दिग्दर्शकाने तिथे आणखी थांबायला हवं होतं.

पण उत्तरार्धात भाषणं सुरू होतात. माइक स्मिथ न्यूजरूममधून बाहेर काढला जात असताना ओरडतो की हे सगळं मालक कंपनी व्हायाकॉमच्या वॉशिंग्टनमधल्या स्वार्थासाठी चाललंय. यात तथ्य नाहीच असं नाही. व्हायाकॉमचे समनर रेडस्टोन यांनी त्याच सप्टेंबरमध्ये कंपनीला रिपब्लिकन सरकारच बरं असं जाहीरपणे म्हटलं होतं. आणि सीबीएसने २०१५ मध्ये या चित्रपटाच्या जाहिरातीसुद्धा घेतल्या नाहीत, म्हणजे अकरा वर्षांनीही जखम ओली होती. शेवटी मेप्स समितीला विचारते की एवढे बारकावे माहीत असलेला, गार्डचे नियम पाठ असलेला खोटारडा आणायचा कुठून, आणि मग तो वर्डमध्ये टाइप करण्याइतका मूर्ख कसा? टाळ्यांचं वाक्य आहे. पण हा प्रश्न ८ सप्टेंबरच्या आधी त्यांनी स्वतःच्या टेबलावर उलट बाजूनेही विचारायला हवा होता, आणि पटकथा तो तिला विचारू देत नाही. दोन्ही तज्ज्ञ बायकांचे इशारे, न गाठलेला माजी सहकारी, लॉकहार्टना केलेला फोन, हे सगळं एकत्र ठेवलं असतं तर मेप्स जास्त मोठं पात्र झालं असतं. हुशार, अनुभवी, बव्हंशी बरोबर, आणि तरी चुकलेली.

सिनेमाची मूळ तक्रार अशी की सगळे फाँटवर बोलले, बुश यांच्या सेवेवर कुणी बोललंच नाही. खरी गोष्ट. पण हा अदलाबदलीचा खेळ ब्लॉगवाल्यांनी एकट्याने केला नाही. टेक्सास विधानसभेचे माजी सभापती बेन बार्न्स या कार्यक्रमात कॅमेऱ्यासमोर सांगत होते की गार्डमधल्या जागेसाठी आपण शब्द टाकला. वैमानिकाला मनाई झाल्याचा सरकारी कागद सर्वांना उपलब्ध होता. प्रसारणाच्याच दिवशी ‘बॉस्टन ग्लोब’ने सरकारी नोंदींवरून बुश यांच्या सेवेतल्या उणिवांची बातमी छापली आणि त्या बातमीला कुणी धक्का लावू शकलं नाही, ती किलियन कागदांच्या धुरळ्यात हरवली, एवढंच. सीबीएसने किलियन यांचे कागद वगळले असते तर बातमी कमी सनसनाटी झाली असती. पडद्यावर दाखवायला ठसठशीत काही नसतं, आणि टीव्हीला ते लागतं. कागद बातमीत आले, बातमीचा कणा झाले, आणि कणा मोडल्यावर बाकीचा खरा ऐवजही त्याखाली गाडला गेला. पुन्हा २ नोव्हेंबरच्या मतदानापर्यंत त्या विषयाला हात लावायची कुठल्याच संपादकाची छाती झाली नाही.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘द वायर’ या वृत्त-संकेतस्थळाने फेसबुकची मालक असलेल्या मेटा कंपनीवरच्या बातम्या मागे घेतल्या तेव्हा या प्रकरणाची आठवण येणं साहजिक होतं. तिथे झेरॉक्सच्या जागी ईमेल होते. ज्या तज्ज्ञांनी ते तपासल्याचं सांगितलं गेलं, त्यांनी आपण तपासलेच नाहीत असं कळवलं. तिथेही बातमी लोकांना आधीपासून वाटत असलेल्या संशयाशी इतकी जुळत होती की दुसऱ्यांदा विचारावंसं वाटलं नाही.

रॅदर यांनी २००७ मध्ये सीबीएस आणि व्हायाकॉमवर ७ कोटी डॉलरचा दावा लावला. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने तो पूर्ण फेटाळला. पण तो खटला होता करारभंगाचा, त्यामुळे कागद अस्सल की नकली यावर तिथेही निवाडा झाला नाही. मेप्स आणि रॅदर दोघेही बातमी खरीच होती या मतावर ठाम राहिले.